हात धुतल्यावर बरं वाटतं, तिथेच घोटाळा

स्वच्छ सर्वेक्षणाचा निकाल लागला की इंदुरात काही दिवस दुसरा विषय नसतो. २०१७ ते २०२३ सलग सात वेळा पहिला नंबर आपल्याकडे आला, तेव्हा कौतुक व्हायलाच हवं. पण अलीकडे त्या कौतुकात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "अपन इंदूरवाले ना, सगळेच्या सगळे ओसीडी आहोत!" ओल्या कचऱ्यात चुकून प्लॅस्टिकची पिशवी गेली की चैन पडत नाही, पोह्यांचा कागद मुठीत धरून डस्टबिन दिसेपर्यंत चालत राहतो, म्हणून ओसीडी. चादरीला सुरकुती चालत नाही म्हणून ओसीडी. कपाटातले शर्ट रंगाप्रमाणे लावले, ओसीडी.

नाही हो. ही झाली आवड, फार तर सवय, आणि तिच्यात माणसाला समाधान मिळतं. ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर, म्हणजे मंत्रचळ, यात समाधान औषधालाही नसतं. समजा, लोकमान्य नगरात एक काकू आहेत. (काकू काल्पनिक आहेत, आजार नाही.) कचरागाडी आली, काकूंनी डबा दिला, फाटकाच्या कडीला हात लागला. हात धुतले. साबण नीट लागला का? पुन्हा धुतले. मग नळ बंद करताना नळालाच तो हात लागला होता, म्हणजे नळ खराब झाला. नळ धुतला. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं आणि काकूंच्या घरातली टाकी दुपारपर्यंत रिकामी होते. हातांना भेगा पडल्यात. आणि यातली सगळ्यात क्रूर गोष्ट अशी, की हे निरर्थक आहे हे काकूंना बहुतेक वेळा पक्कं ठाऊक असतं. असे विचार आणि कृती यांत रोज तासाभराहून जास्त वेळ जातो किंवा त्यांच्यापायी जगणं अडतं, तेव्हा डॉक्टर त्याला आजार म्हणतात.

मंत्रचळ फक्त धुण्याचा असतो असंही नाही. गॅस बंद केला का, कुलूप लागलं का, हे वीस वेळा पाहणारे असतात. आरतीच्या वेळी देवाबद्दल घाणेरडा विचार मनात येतो म्हणून आतल्या आत प्रायश्चित्ताचा जप करणारे असतात. तान्ह्या बाळाला आपल्या हातून इजा होईल या धास्तीने त्याला उचलायचंच सोडून देणाऱ्या आया असतात. अशा आईइतकी बाळाला जपणारी बाई शोधून सापडायची नाही, पण ती स्वतःला राक्षसीण समजून गप्प राहते.

आता एक गंमत. असे विचार तुम्हालाही येतात. रॅकमन आणि डी सिल्वा या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७८मध्ये धडधाकट माणसांना याबद्दल विचारलं, तेव्हा सुमारे ८० टक्के लोकांनी कबूल केलं की नको ते, भलतेसलते विचार मनात शिरतात. गच्चीच्या कठड्याशी उभं असताना 'उडी मारली तर?' असं मनात येऊन जातं, तुम्ही मान झटकता आणि कामाला लागता. म्हणजे विचार तोच. मग मंत्रचळ असलेल्या माणसाच्या बाबतीत वेगळं काय घडतं? तो त्या विचाराला उत्तर देतो: हात धुऊन, कडी तपासून, जप करून. आणि उत्तर दिलं की त्याला बरं वाटतं.

या 'बरं वाटतं'वर मी तासभर बोलू शकतो, कारण सगळी यंत्रणा तिथेच दडलेली आहे. ती समजून घ्यायला १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात जाऊ. रिचर्ड सॉलोमन आणि त्यांचे सहकारी कुत्र्यांवर प्रयोग करत होते. (आज असल्या प्रयोगाला कुठलीही नीतिमत्ता समिती परवानगी देणार नाही, आणि ते योग्यच आहे.) पेटीचे दोन कप्पे, मध्ये खांद्याइतका उंच अडसर. कुत्रा ज्या कप्प्यात असेल तिथला दिवा विझायचा आणि दहा सेकंदांनी फरशीतून विजेचा जबर झटका बसायचा. थोड्याच फेऱ्यांत कुत्रा शिकला: दिवा विझला की अडसरावरून पलीकडे उडी मारायची. मग संशोधकांनी वीज कायमची बंद केली. दिवा विझत राहिला, झटका मात्र नाही.

कुत्र्यांनी उड्या मारणं थांबवायला हवं होतं. थांबवलं नाही. दोनशे-दोनशे वेळा दिवा विझला आणि दोनशे वेळा उडी पडली, उलट उडी आधीपेक्षा लवकर पडू लागली. कुत्रे घाबरलेलेही दिसत नव्हते, अगदी निवांतपणे उड्या मारत होते.

का? कारण प्रत्येक उडी यशस्वी ठरत होती! उडी मारली, झटका बसला नाही. वीज बंद आहे हे कळायचं तर उडी न मारता थांबायला हवं आणि कुत्रा तेवढंच करत नव्हता. काकूंचं हेच होतं. हात धुतले, घरात कुणी आजारी पडलं नाही. न धुता काय झालं असतं हे काकूंना आजवर एकदाही पाहायला मिळालेलं नाही. त्यांचा मेंदू मूर्ख नाही. तो मिळालेल्या पुराव्यावरून चोख निष्कर्ष काढतोय, फक्त पुरावा अर्धाच आहे.

यात दोन शिकण्या एकात एक अडकल्यात. पहिलीत एक निरुपद्रवी गोष्ट (कडी) भीतीशी जोडली जाते. दुसरीत भीती कमी करणारी कृती पक्की होते, कारण भीती ओसरणं हेच बक्षीस असतं. मानसशास्त्रात याला नकारात्मक प्रबलन म्हणतात. इथे नकारात्मक म्हणजे शिक्षा नव्हे, काहीतरी त्रासदायक निघून गेल्यामुळे कृतीला बळ मिळणं. त्या बळावर धुणं वाढतं, आणि जितकं धुवावं तितकी कडी 'घाण' असल्याची मेंदूची खात्री वाढते. म्हणून "एकदाच नीट धू आणि विसरून जा" हा प्रेमळ सल्ला उपयोगाचा नाही. नीट धुणं हाच आजाराचा खुराक आहे.

सॉलोमन यांच्या चमूने पुढे अडसराच्या जागी काच लावली. कुत्र्याला पलीकडचं दिसायचं, पण उडी मारता येत नव्हती. दिवा विझला, कुत्रा धास्तावला, आणि झटका आला नाही. बऱ्याच कुत्र्यांची सवय एवढ्यानेही सुटली नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण कल्पना मोलाची होती. १९६६मध्ये लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये व्हिक्टर मेयर यांनी दोन रुग्णांवर तशाच विचाराने उपचार केले. रुग्णाला मुद्दाम त्या भीतीसमोर आणायचं आणि नर्सच्या मदतीने विधी (म्हणजे ते धुणं, तपासणं, जप करणं) करू द्यायचा नाही. तोवर मंत्रचळ जवळजवळ असाध्य समजला जायचा. ते दोघेही बरेच सुधारले.

मग प्रश्न आला की विधी रोखला तर भीती वाढत वाढत जाऊन माणूस कोसळणार नाही का? प्रत्येक रुग्णाला मनातून हेच वाटत असतं. १९७६मध्ये रॅकमन, डी सिल्वा आणि रोपर यांनी हे मोजून पाहिलं. धुण्याची उबळ आणि अस्वस्थता सुरुवातीला उसळते, पण काहीही न करता थांबलं तर बहुतेकांत पहिल्या तासाभरातच बरीच उतरते आणि काही तासांत फारशी उरत नाही. आपोआप! काकू मात्र दर वेळी दुसऱ्याच मिनिटाला नळाकडे धावतात, त्यामुळे हा उतार त्यांनी कधी पाहिलेलाच नसतो.

या उपचाराचं आजचं नाव एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन, थोडक्यात ईआरपी. मानसोपचारतज्ज्ञ आणि रुग्ण मिळून भीतीची चढती यादी करतात. काकूंच्या यादीत सगळ्यात खाली घरातल्या दाराची मूठ असेल, वर फाटकाची कडी, त्याहून वर सिटी बसमधला दांडा, आणि शेंड्यावर सराफ्यात उभ्याने भुट्ट्याचा कीस खाणं. एक पायरी अंगवळणी पडली की पुढची. जबरदस्ती नाही, फसवून हात लावायला लावणं तर अजिबात नाही. आणि हा अभ्यास दवाखान्यापुरता ठेवून चालत नाही, कारण भीती ओसरते तेव्हा जुनी आठवण पुसली जात नाही, तिच्या शेजारी 'इथे धोका नाही' अशी एक नवी आठवण तयार होते आणि ती नवी आठवण जागेला फार चिकटलेली असते. दवाखान्यात मिळालेलं धैर्य घरच्या फाटकाशी गळून पडू शकतं. म्हणून फाटकाचा सराव फाटकापाशीच.

आता मेंदूत डोकावू. इथे जरा पाय रोवून वाचावं लागेल. डोळ्यांच्या वर, कपाळामागे ऑर्बिटोफ्रंटल कॉर्टेक्स नावाचा भाग आहे, 'काहीतरी चुकलंय' ही जाणीव बरीचशी तिथली. तिथून संदेश खाली कॉडेट केंद्रकात उतरतो, तिथून ग्लोबस पॅलिडसकडे, मग थॅलॅमसकडे आणि थॅलॅमसमधून परत कॉर्टेक्सकडे. एक वर्तुळ. ग्लोबस पॅलिडसचा आतला भाग थॅलॅमसला सतत दाबून ठेवतो. वर्तुळाच्या थेट मार्गात कॉडेट या दाबणाऱ्यालाच दाबतो, म्हणजे दोन नकारांचा होकार होतो, थॅलॅमस मोकळा सुटतो आणि कॉर्टेक्सला आणखी चेतवतो. दुसरा, आडवळणाचा मार्ग पॅलिडसच्या बाहेरच्या भागातून आणि सबथॅलॅमिक केंद्रकातून जातो. त्यात एकूण तीन नकार पडतात, म्हणून थॅलॅमसवरचा दाब उलट वाढतो. निरोगी मेंदूत दोघांचा तोल राहतो. मंत्रचळात पारडं थेट मार्गाकडे झुकतं आणि 'चुकलंय, चुकलंय' हा संदेश गोल फिरत राहतो, असं हे प्रतिमान सांगतं. हात स्वच्छ झाल्याचं डोळ्यांना दिसतं, पण 'झालं' ही खूण मनाला पटत नाही.

या वर्तुळाबद्दलचा माझा लाडका पुरावा १९९२चा. लुईस बॅक्स्टर आणि जेफ्री श्वार्ट्झ यांच्या गटाने कॅलिफोर्नियात काही रुग्णांना फ्लुऑक्सेटिन हे औषध दिलं, काहींवर फक्त वर्तनोपचार केले, आणि आधी-नंतर पेट स्कॅन काढले, म्हणजे मेंदूचा कुठला भाग किती ग्लुकोज वापरतो, किती राबतो, हे दाखवणारी चित्रं. ज्यांना गुण आला त्यांच्या उजव्या कॉडेटमधला ग्लुकोजचा वापर दोन्ही गटांत कमी झाला होता. गोळी न घेता, नुसतं हात न धुता थांबायला शिकलेल्या माणसाच्या मेंदूत गोळीसारखाच बदल! 'मानसिक' आणि 'शारीरिक' अशा वेगळ्या खोल्या करणाऱ्यांनी हा निकाल जरूर वाचावा.

औषधांचं थोडक्यात. क्लोमिप्रॅमिन मंत्रचळावर चालतं आणि त्याचंच भावंड डेसिप्रॅमिन चालत नाही. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप द्यायला जी रसायनं वापरतात त्यांपैकी पहिलं सेरोटोनिनवर जोरदार काम करतं, दुसरं मुख्यतः नॉरॲड्रेनालिनवर. त्यावरून सेरोटोनिनकडे लक्ष गेलं आणि फ्लुऑक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लुवोक्सामिन अशी सेरोटोनिनचं पुनर्शोषण रोखणारी औषधं वापरात आली. मंत्रचळात त्यांचा डोस सहसा नैराश्यापेक्षा जास्त लागतो आणि आठ ते बारा आठवडे धीर धरावा लागतो. तिसऱ्या आठवड्यात "काही फरक नाही" म्हणून गोळ्या बंद करणारे बरेच जण असतात. मात्र यावरून "मेंदूत सेरोटोनिन कमी पडलं की मंत्रचळ होतो" असं जे व्हॉट्सॲपवर फिरतं, ते सिद्ध झालेलं नाही. पॅरासिटामॉलने ताप उतरतो म्हणून ताप पॅरासिटामॉलच्या कमतरतेने येतो असं कुणी म्हणत नाही.

मग कारण काय? एकच कारण नाही, आणि बहुतेक मानसिक आजारांचं तसंच आहे. जुळ्यांच्या अभ्यासांवरून वाटा साधारण अर्धा आनुवंशिक दिसतो, पण तो कुणा एका जनुकाचा नाही. काही जणांत बाळंतपणानंतर सुरुवात होते. काही मुलांत घशाच्या स्ट्रेप्टोकॉकस संसर्गानंतर तो अचानक उद्भवतो असं १९९८पासून मांडलं जातंय, त्यावर वाद चालू आहे. सोवळ्यामुळे मंत्रचळ होतो, हेही खरं नाही. आजार फक्त त्या त्या घरातला विषय उचलतो: सोवळं असेल तिथे सोवळं, जंतूंची धास्ती असेल तिथे जंतू.

सोवळ्यावरून आठवलं. देवाबद्दल वाईट विचार येणाऱ्या तरुणाला घरचे आधी बहुधा कुठल्या तरी महाराजांकडे नेतात. महाराज सांगतात, रोज अकराशे जप, चुकला तर पहिल्यापासून. अंधश्रद्धेतून फार तर पैसे जातात असं समजणाऱ्यांनी हे नीट पाहावं. ज्या माणसाचा आजारच विधी आहे, त्याला इथे नवा विधी दिला जातो, आणि तोही चुकण्याच्या भीतीसकट. चार दिवस बरं वाटतं, मग जप बरोबर झाला का याची शंका सुरू होते. भूतबाधा काढणारे, ग्रहशांती करणारे आणि 'ब्रेन डिटॉक्स'चं पॅकेज विकणारे हे सगळे माझ्या लेखी एकाच रांगेतले.

२०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १२ राज्यं होती, त्यांत आपलं मध्य प्रदेशही होतं. सुमारे १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता आणि बहुतेक आजारांत ७० टक्क्यांहून जास्त रुग्ण उपचारांपर्यंत पोहोचलेच नव्हते. इंदुरात बाणगंगेला सरकारी मानसिक रुग्णालय आहे, पण 'बाणगंगा' हा शब्द आपण अजून शिवीसारखा वापरतो, मग तिथे जाणार कोण? निदान फोन तरी करता येतो: सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीतही बोलता येतं. समुपदेशकाकडे गेलात तर ईआरपी करता का, हे आधी विचारा. नुसतं बालपणाबद्दल बोलत राहिल्याने मंत्रचळ हटल्याचा चांगला पुरावा नाही.

आणि घरच्यांसाठी एक गोष्ट, जी सांगायला डॉक्टरांना ओपीडीच्या गर्दीत वेळ मिळत नाही. काकू दिवसातून तीस वेळा विचारतात, "अहो, कडी धुतली ना मी?" काका तीस वेळा म्हणतात, "हो गं, धुतलीस." हे उत्तरही हात धुण्यासारखंच आहे. त्याने घटकाभर बरं वाटतं आणि एकतिसावा प्रश्न तयार होतो. पण म्हणून उद्यापासून काकांनी एकदम तोंड बंद करायचं नाही, त्याने फक्त भांडण होईल. दोघांनी शांत वेळी, शक्यतो उपचार करणाऱ्यांसमोर, आधी ठरवायचं: या आठवड्यात पाचच वेळा उत्तर, पुढच्या आठवड्यात दोन. सहाव्यांदा प्रश्न आला की काकांनी न रागावता म्हणायचं, "हा प्रश्न तुझा नाही, आजाराचा आहे, त्याला उत्तर द्यायचं नाही असं ठरलंय ना आपलं?" आणि मग तिथून उठून जायचं नाही. ती उबळ उतरेपर्यंत सोबत बसायचं, भाजी निवडत, टीव्ही बघत, कसंही.