मजकूर-खनन आणि संकल्पना-आलेख

कंपनीकडे साचलेली पत्रे, ईमेल, करार, तपासणी अहवाल आणि दुरुस्तीच्या नोंदी संगणकाकडून वाचून घेऊन त्यांतील महत्त्वाच्या संज्ञा वेचणे म्हणजे मजकूर-खनन. या संज्ञा बिंदू मानून त्यांच्यातील नाती रेषांनी जोडली की संकल्पना-आलेख तयार होतो. फाइलीत लावलेला कागद एकाच कप्प्यात राहतो. आलेखात तोच कागद यंत्र, गाव, ठेकेदार, वर्ष अशा कोणत्याही वाटेने हाती लागतो.

शब्दार्थांचे जाळे संगणकात बांधण्याची कल्पना रॉस क्विलियन यांनी १९६०च्या दशकात मांडली. थोड्याच कागदांत येणारा शब्द अधिक सांगतो, हे शब्दांना महत्त्वानुसार वजन देण्याचे तत्त्व कॅरेन स्पार्क जोन्स यांच्या १९७२च्या लेखातले. त्यामुळे ‘आणि’, ‘आहे’ गळून पडतात; पण लोहखनिजाच्या कंपनीत ‘खनिज’ हा शब्दही जवळजवळ कुचकामी ठरतो, कारण तो कागदोकागदी असतो. १९९२ मध्ये मार्टी हर्स्ट यांनी वाक्यरचनेतून नाते ओळखण्याची रीत दाखवली. ‘टग, बार्ज यांसारखी जलवाहने’ असे कुठे लिहिलेले सापडले, की बार्ज हा जलवाहनाचा प्रकार आहे हे यंत्र टिपून घेते. २०१२ मध्ये गूगलने आपल्या शोधाला ‘नॉलेज ग्राफ’ जोडला, तेव्हापासून हे नाव कंपन्यांच्या तोंडी बसले.

गोव्यात यंत्राचा पहिला अडथळा नावांचा. व्यवहार इंग्रजीत, अर्ज मराठीत किंवा कोकणीत, जमिनीचे जुने दस्त पोर्तुगीजमध्ये. मुरगाव आणि मार्मागोवा हे एकच बंदर, डिचोली आणि बिचोलिम हे एकच गाव, हे कुणीतरी यंत्राला सांगावे लागते. मराठीच्या विभक्तीमुळे ‘फोंडा’चे ‘फोंड्यात’, ‘फोंड्याहून’ होते. मूळ रूप ओळखले नाही तर एका गावाचे तीन बिंदू होतात. उलट बाजूची, म्हणजे दोन गोष्टी एकच मानण्याची चूक अधिक फसवी. ‘दुसऱ्या पाळीचा माल साखळीहून निघाला’ हे वाक्य घ्या. साखळी हे डिचोली तालुक्यातले शहर, पण यंत्र ते ‘पुरवठा साखळी’ला नेऊन बांधते. पाळी नावाचे गावही त्याच तालुक्यात आहे. ‘दुसऱ्या’ या शब्दावरून इथे कामाची पाळी अभिप्रेत आहे हे कळते. मात्र ‘पाळीतले कामगार’ एवढेच लिहिले असेल तर माणूसही गोंधळेल. म्हणून चांगल्या आलेखामागे संज्ञांची एक हाताने तपासलेली यादी असते. हे काम कंटाळवाणे, आणि सहसा तेच टाळले जाते.

दोन संज्ञा वारंवार शेजारी येतात एवढेच मोजणीतून कळते. नाते कसले, ते कळत नाही. ‘पावसाळा’ आणि ‘कुंभारजुवे’ या शब्दांची जोडी जुन्या वाहतूक नोंदींत दिसू शकते. तिचा अर्थ असा की पावसाळ्यात मांडवी नदीच्या मुखाशी, आग्वादजवळचा वाळूचा दांडा बार्जना धोक्याचा होतो, म्हणून खनिज कुंभारजुवे कालव्यातून जुवारी नदीत आणि तिथून मुरगावला न्यावे लागे. बार्जवरच्या जुन्या माणसाला हे इतके ठाऊक, की त्याने ते कधी लिहून ठेवले नसणार. न लिहिलेले खणून निघत नाही. त्यासाठी माणसांना विचारून, त्यांचे बोलणे उतरवून आलेखात घालावे लागते. अलीकडे भाषा-प्रारूपे, म्हणजे मजकूर वाचून नवा मजकूर लिहिणाऱ्या संगणक-प्रणाली, नाती सुचवतात, उत्तरेही आलेखाच्या आधाराने देतात, तरी ही उणीव त्यांनी भरून निघत नाही. कर्मचाऱ्यांचे खासगी ईमेल या खननातून वगळणे हेही आधीच ठरवावे लागते.

आलेखातील रेषेला तारीख नसणे हा बऱ्याच आलेखांतला दोष. गोव्यातील खाणी २०१२ मध्ये थांबल्या, पुढे काही काळ चालू झाल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०१८च्या निकालाने ८८ लिजांचे (खाणपट्ट्यांचे) नूतनीकरण रद्द होऊन १६ मार्चपासून पुन्हा खोदकाम बंद पडले. ‘अमुक खाणीचा माल अमुक जेटीवर’ ही २०११ची रेषा तारखेविना राहिली, तर नव्याने रुजू झालेल्या माणसाला ती आजचीच वाटते. त्यामुळे प्रत्येक नात्यापुढे ‘केव्हापासून’ आणि ‘केव्हापर्यंत’ अशा दोन नोंदी ठेवतात, आणि ज्या कागदावरून ते नाते घेतले त्याचा क्रमांकही.