समुद्रविज्ञानात परतू पाहणाऱ्या महिलांसाठी वाइज-किरण फेलोशिप: पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या वाइज-किरण योजनेत महिलांसाठी संशोधनाच्या फेलोशिप आहेत. पदव्युत्तर पदवीनंतर पीएचडी करू इच्छिणाऱ्या २५ ते ४५ वयाच्या महिलांसाठी वाइज-पीएचडी आहे, तर पीएचडी झालेल्या २७ ते ६० वयाच्या महिलांसाठी वाइज-पीडीएफ, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाची फेलोशिप. मुलांच्या संगोपनासाठी किंवा पतीच्या बदलीमुळे ज्यांची प्रयोगशाळा सुटली, त्यांना या वयोमर्यादेमुळे चाळिशीतही संशोधनाकडे परतता येते. कायम नोकरीत असलेल्या महिलांसाठी मात्र ही योजना नाही.

अर्ज भरायला बसण्याआधी यजमान संस्था, म्हणजे जिथे संशोधन करायचे ती संस्था, आणि मार्गदर्शक ठरवावेत, कारण प्रस्तावाची सारी भिस्त तिथल्या सुविधांवर असते. मुंबईत समुद्राशी संबंधित कामासाठी वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था (स्थापना १९६१) आणि राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे अंधेरीतील प्रादेशिक केंद्र, या दोन ठिकाणी आधी चौकशी करावी. मार्गदर्शकांनी तोंडी होकार दिला तरी संस्थाप्रमुखांच्या सहीचे संमतीपत्र कार्यालयातून फिरून हाती यायला वेळ लागतो. म्हणून जाहिरात निघण्याची वाट न पाहता ही बोलणी सुरू करणे शहाणपणाचे.

प्रस्ताव लिहिताना नमुने कुठून आणि कोणत्या परवानगीने घेणार हे स्पष्ट सांगावे. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत असल्यामुळे हाजीअली किंवा वरळीच्या खडकाळ किनाऱ्यावरील प्रवाळांचे नमुने हवे असतील, तर कलम १२ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते; वनक्षेत्र म्हणून अधिसूचित कांदळवनांसाठी वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे अर्ज करावा लागतो. मासेमारी बोटींवरून नमुने घेणार असाल, तर पश्चिम किनाऱ्यावरील १ जून ते ३१ जुलै ही ६१ दिवसांची मासेमारी बंदी कामाच्या वेळापत्रकात आधीच धरलेली दिसली पाहिजे. अशा तपशिलांवरून अर्जदाराची समुद्राशी असलेली ओळख लगेच कळते.

जन्मतारखेसाठी दहावीचे प्रमाणपत्र, पदव्या व गुणपत्रिका, शोधनिबंधांची यादी, संस्थेचे व मार्गदर्शकाचे संमतीपत्र, आणि लागू असल्यास जात किंवा दिव्यांगत्व प्रमाणपत्र आधीच स्कॅन करून ठेवावे. आपल्याकडे सर्वाधिक घोळ नावाचा होतो, कारण पदवीवर माहेरचे नाव असते आणि आधारवर सासरचे. विवाह प्रमाणपत्र जोडावेच, पण महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घेतलेला असेल तर पुढे शंकेला जागा उरत नाही. ते काम चर्नी रोडच्या शासकीय मुद्रणालयाकडे होते.

अर्ज विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या ई-पीएमएस या ऑनलाइन पोर्टलवरच सादर होतो आणि निवड विषयतज्ज्ञांची समिती करते. संशोधनात पडलेल्या खंडाची वर्षे लपवू नयेत. त्या काळात वाचन, शिकवणी, किनारपट्टीच्या स्वयंसेवी नोंदी असे जे काही केले असेल ते साध्या शब्दांत लिहावे, कारण योजनेला खंड पडलेल्या महिलाही अभिप्रेत आहेत.

नुकत्याच एम.एस्सी. झालेल्या मुलींनी यासोबत यूजीसी-सीएसआयआर नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षाही द्यावी. तिच्यातून मिळणाऱ्या जेआरएफसाठी (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) महिलांना कमाल वयात ५ वर्षांची सवलत आहे, आणि जानेवारी २०२३ पासून या फेलोशिपची रक्कम दरमहा ३७,००० रुपये आहे.