एकाकी वृद्धांच्या भेटीची सेवा: यरुशलेमपासून मराठवाड्यापर्यंत

नाताळाच्या आठवड्यात मराठवाड्यातल्या वृद्धाश्रमांमध्ये चर्चचे तरुण संघ आणि महिला मंडळ हमखास जाऊन येतात. केक, ब्लँकेटं, फळं, दोन गीतं, एक प्रार्थना आणि शेवटी फोटो. जानेवारी लागला की बहुतेक ठिकाणी ही ये-जा थांबते. या सेवेचा इतिहास पाहिला तर ती वर्षातून एकदा उरकण्यासाठी कधीच नव्हती.

यरुशलेममधल्या अगदी पहिल्या मंडळीत, म्हणजे ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांच्या समुदायात, कुरबूर झाली ती विधवांच्या जेवणावरून. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातंय, अशी ती तक्रार होती. प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या प्रमुख शिष्यांच्या, सांगण्यावरून मंडळीने स्तेफनासह सात माणसं निवडली आणि प्रेषितांनी त्यांना या कामावर नेमलं (बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६). तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात साठी ओलांडलेल्या विधवांच्या यादीचा उल्लेख आहे. त्याच अध्यायात, मुलानातवंडांनी आधी आपल्या वडीलधाऱ्यांचे उपकार फेडावेत, असंही बजावलं आहे. म्हणजे घरच्यांची जबाबदारी मंडळीने काढून घेतली नाही. ज्याला कोणीच नाही त्याच्यासाठी ती उभी राहिली. याकोबाचं पत्र तर अनाथ आणि विधवांचा त्यांच्या संकटात समाचार घेण्यालाच शुद्ध धर्माचरण म्हणतं.

चौथ्या शतकात आजच्या तुर्कस्तानातल्या कैसरियाचा बिशप बसिल याने शहराबाहेर आजारी, गरीब आणि वाटसरूंसाठी मोठी वसाहत उभारली. पुढे बायझंटाईन, म्हणजे पूर्व रोमन, साम्राज्यात खास वृद्धांसाठी निवासगृहं निघाली. १८३९ मध्ये फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात जान जुगान या कष्टकरी बाईने एका अंध, अर्धांगवायू झालेल्या म्हातारीला घरी आणलं आणि स्वतःचा पलंग तिला दिला. त्यातून उभा राहिलेला ‘लिटल सिस्टर्स ऑफ द पूअर’ हा धर्मभगिनींचा संघ १८८२ मध्ये कोलकात्यात आला.

हा झाला आसऱ्याचा इतिहास. नुसत्या भेटीचा इतिहास वेगळा आहे, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. इंग्लंडमध्ये निराधारांना सरकारी ‘वर्कहाउस’मध्ये ठेवत. अंगावर कपडा आणि पोटाला अन्न मिळे, पण नवराबायकोलाही वेगवेगळ्या खोल्यांत टाकलं जाई. १८५३ मध्ये लुईझा ट्वायनिंग नावाच्या एक बाई लंडनच्या अशाच एका ठिकाणी ओळखीच्या म्हातारीला भेटायला गेल्या. आतली उदासी पाहून, आणखी काही स्त्रियांना नियमित येऊ द्या, अशी विनंती त्यांनी केली. व्यवस्थापनाने ती फेटाळली. त्यांनी पिच्छा सोडला नाही आणि १८५८ मध्ये भेटी देणाऱ्यांची संस्थाच स्थापन झाली. बाहेरचं माणूस नेमाने आत येऊ लागलं की आतला गलथानपणा लपत नाही, हेही त्या काळातच दिसून आलं.

मराठवाड्यात ही गोष्ट निराळ्या वाटेने आली. निजामाच्या राज्यात जालन्याला रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी काम सुरू केलं आणि दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली. घरं, शाळा, चर्च सगळं हाकेच्या अंतरावर. मराठी मिशनांत बायबल बाया, म्हणजे बायबल वाचून दाखवणाऱ्या स्त्रिया, घरोघर जात, पाळक अंथरुणाला खिळलेल्यांना प्रभुभोजन (चर्चमधल्या विधीची भाकर आणि द्राक्षारस) घरी नेऊन देत. त्यासाठी वेगळ्या सेवेचं नाव लागत नव्हतं. म्हातारं माणूस घरातच असे आणि घर मंडळीच्या डोळ्यांसमोर.

आता घरंच रिकामी झाली. १९७२ च्या दुष्काळापासून पोटासाठी गाव सोडणं वाढतच गेलं. बीडकडची जोडपी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात ती सहा महिने परतत नाहीत. मागे उरतात म्हातारे आणि शाळेतली नातवंडं. शिकलेली मुलं नर्सिंग, शिक्षकी, कंपनीच्या नोकरीसाठी पुण्या-मुंबईला स्थिरावली, त्यात आपल्या मंडळ्यांतली मुलंही आलीच. १९९५ नंतर राज्यात ‘मातोश्री’ वृद्धाश्रमांची योजना आली. २००७ च्या केंद्रीय कायद्याने आईवडिलांना मुलांकडून निर्वाहभत्ता मागता येतो. पण जवळ येऊन बसणारं माणूस कुठल्या न्यायाधिकरणाकडून मागायचं?

आपल्याकडच्या वृद्धाश्रमांत बहुतेक जण ख्रिस्ती नसतात. म्हणून व्यवस्थापनाची परवानगी घ्यावी, आणि प्रार्थना त्या माणसाला हवी असेल तरच करावी. कॉटवर पडलेल्या माणसाला धर्मप्रचाराच्या पत्रिका वाटणं मला पटत नाही. त्याला उठून जाता येत नाही. लातूरकडच्या एका आजींनी उशाखालून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं रेशनकार्ड काढून मला दाखवलं. त्यावरची नावं एकेक करून बोटाने वाचली, कोण वारलं, कोण कुठे असतं ते सांगितलं. मी काहीच विशेष केलं नाही, ऐकत बसलो. निघताना त्यांनी विचारलं, “आता कवा येताव?”

याचं उत्तर ‘येऊ कधीतरी’ असं देता येत नाही. मंडळीने महिन्यातला एक वार ठरवावा, दरवेळी शक्यतो तीच दोन माणसं पाठवावीत आणि त्यांना न जमल्यास आश्रमात आधी फोन करून कळवावं. आजी सकाळपासून वाट पाहत असतात.