ऑफरपेक्षा एक ग्रेड कमी पडली तर: ब्रिटनमधल्या विद्यापीठ प्रवेशातली सवलत, पात्रता आणि कागदपत्रं

ऑगस्टमधल्या निकालाच्या त्या गुरुवारी सकाळी आठ वाजता माझी भाची लेस्टरच्या घरी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी फोन घेऊन बसली होती. ऑफर होती ए, ए, बी. हातात पडलं ए, बी, बी. बहिणीनं चहा ओतला तो कुणीच प्यायलं नाही. पहिलं वाक्य भाचीच्या बाबांचं होतं, "संपलं आता." ते संपलेलं नव्हतं. पण पुढचे दोन तास कुणाला काय विचारायचं हेच आम्हाला ठाऊक नव्हतं आणि त्यात वेळ गेला. तेव्हापासून ओळखीतल्या मुलांना मी हे सगळं निकालाच्या आधीच समजावून सांगते.

पहिली गोष्ट: या सवलतीसाठी वेगळा अर्ज नसतो, फॉर्म नसतो, फी नसते. ब्रिटनमध्ये पदवीचे प्रवेश यूकास या संस्थेमार्फत होतात. विद्यार्थी पाच पर्याय भरतो, ऑफर आल्या की एक पर्याय 'फर्म' म्हणजे पहिल्या पसंतीचा आणि एक 'इन्शुरन्स' म्हणजे राखीव ठेवतो. बारावीचा निकाल यायचा असल्यानं बहुतेक ऑफर अटीच्या असतात, म्हणजे अमुक ग्रेड मिळाल्या तर प्रवेश. अट थोडक्यात हुकली तरी घ्यायचं की नाही, हे ते विद्यापीठ स्वतः ठरवतं. तो त्यांचा अधिकार आहे, तुमचा हक्क नाही. म्हणून कुणी पैसे घेऊन "सवलत करून देतो" म्हणालं, तर तिथून उठा.

दुसरी गोष्ट बऱ्याच पालकांना माहीत नसते. ए-लेव्हलचे, म्हणजे तिथल्या बारावीच्या परीक्षेचे, निकाल विद्यापीठांकडे मुलांच्या काही दिवस आधी, गुप्ततेच्या अटीवर पोचलेले असतात. किती जागा भरल्या, कोण किती ग्रेडनं हुकलं, हे सगळं मांडून प्रवेश विभागानं बरेच निर्णय गुरुवारच्या आधीच घेतलेले असतात. त्यामुळे ग्रेड कमी दिसली म्हणून रडत बसण्याआधी यूकासचं खातं उघडून बघा. आपली ग्रेड तिथे दिसत नाही, ती शाळेकडून मिळते. पण जागा पक्की झाली का, ते तिथे दिसतं. ग्रेड हुकलेली असतानाही "तुमची जागा पक्की" असं लिहून आलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांना कुणाला विनंती करावीच लागली नाही.

कुणाला मिळण्याची शक्यता असते

एक ग्रेड हुकणं आणि तीन ग्रेड हुकणं यात फरक आहे हे उघड आहे. पण नेमकी कुठली ग्रेड हुकली, याला त्याहून जास्त महत्त्व आहे. इंजिनिअरिंगला गणितात ए हवा होता आणि रसायनशास्त्रात बी ऐवजी सी आला, तर बोलायला जागा असते. गणितातच बी आला, तर बहुतेक ठिकाणी दार जवळजवळ बंद होतं, कारण पहिल्या वर्षाचा सगळा भार त्याच विषयावर असतो. पॉइंटांवर ऑफर देणाऱ्या विद्यापीठांत हिशेब वेगळा असतो. यूकासच्या मोजणीत ए-स्टारला 56, ए-ला 48, बी-ला 40, सी-ला 32 पॉइंट असतात. तिथे एका विषयातली घट दुसऱ्या विषयातल्या वाढीनं भरून निघू शकते, म्हणून आधी बेरीज करून बघा.

दुसरा मुद्दा जागांचा. इंग्लंडमध्ये विद्यापीठानं किती विद्यार्थी घ्यावेत यावरची सरकारी मर्यादा 2015 मध्ये उठली. त्यामुळे ज्या अभ्यासक्रमाला वर्गखोल्या, प्रयोगशाळा, वसतिगृहं पुरतात, तिथे विद्यापीठ हुकलेल्या मुलालाही घेऊ शकतं. वैद्यकीय शाखेचं तसं नाही. तिथल्या जागा आजही मर्यादित आहेत, आणि ऑफरएवढ्या ग्रेड मिळवलेली मुलंच त्या भरून टाकतात. मेडिसिनच्या मुलाला मी खोटी आशा देत नाही.

विद्यापीठ फर्म पर्याय असेल तर ते तुमचा विचार आधी करतं. फर्मनं नाही म्हटलं आणि इन्शुरन्सची अट पूर्ण होत असेल, तर तिथली जागा आपोआप पक्की होते. म्हणूनच इन्शुरन्सची अट फर्मपेक्षा खरोखर कमी असायला हवी. दोन्हीकडे सारख्याच ग्रेड मागितलेल्या असतील, तर इन्शुरन्स ठेवून काय उपयोग?

फोन कुणी करायचा आणि हाताशी काय ठेवायचं

खात्यावर काहीच बदललेलं दिसत नसेल, तर याचा अर्थ बहुतेक वेळा निर्णय अजून व्हायचा आहे. नकार आलेला नसतो. हाच क्षण बोलण्याचा. आमच्या घरी इथेच चूक झाली. फोन केला भाचीच्या बाबांनी. पलीकडच्या बाईंनी शांतपणे सांगितलं की अर्जदाराशिवाय कुणाशी बोलता येणार नाही. नियमच तसा आहे, ती माहिती विद्यार्थ्याची असते. यूकासच्या अर्जात आपल्या वतीनं बोलायला एका व्यक्तीचं नाव नोंदवता येतं, ते आधीच नोंदवून ठेवावं. मुलगी आजारी असेल, विमानात असेल, तेव्हा उपयोगी पडतं. पण बोलता येत असेल तर मुलानंच बोलावं. प्रवेश विभागाला त्याच्या तोंडून ऐकायचं असतं की हा अभ्यासक्रम त्याला का हवा आहे.

भाचीनं मग एका जुन्या पाकिटाच्या मागे लिहून घेतलं: यूकासचा दहा अंकी वैयक्तिक क्रमांक, अभ्यासक्रमाचा कोड, तिन्ही विषयांच्या ग्रेड, प्रत्येक पेपरचे गुण, दहावीच्या जीसीएसईतली गणित आणि इंग्रजीची ग्रेड, आणि शाळेतल्या प्रकल्पाचा निकाल. त्याखाली दोन ओळी: "मी अजूनही याच अभ्यासक्रमाला यायला तयार आहे. बी अर्थशास्त्रात आला आहे, गणितात ए आहे." फोन चार मिनिटं चालला. पलीकडून पहिला प्रश्न गणिताचाच आला. ते पाकीट बहिणीनं अजून जपून ठेवलं आहे.

फोननंतर त्याच दिवशी छोटी ईमेल पाठवा, विषयाच्या ओळीत नाव आणि यूकास क्रमांक. जास्त लिहू नका. "आमच्या घराण्यात पहिलाच" वगैरे निबंध त्या दिवशी कुणी वाचत नाही. ग्रेड, विषय आणि जोडलेला पुरावा मात्र वाचतात.

आजारपण, घरातला मृत्यू, परीक्षेच्या काळातला अपघात अशी खरी अडचण असेल तर तिची कागदपत्रं लागतात: डॉक्टरांचं पत्र, शाळेचं सही-शिक्क्याचं पत्र, तारखा स्पष्ट. पण हे निकाल लागल्यावर सांगायला सुरुवात केली तर उशीर होतो. बरीच विद्यापीठं अशी माहिती निकालाआधी मागतात. शिवाय परीक्षा मंडळाकडे शाळेमार्फत विशेष विचारासाठी अर्ज करण्याची सोय वेगळी असते. त्यात फार तर एकूण गुणांच्या 5 टक्के वाढ मिळते, तीही अगदी गंभीर प्रसंगातच. ती मिळाली असेल तर विद्यापीठ म्हणू शकतं की तुमची अडचण आधीच मोजली गेली आहे. दोन्हीकडे काय कळवलं, याची नोंद ठेवा.

फेरतपासणी

हुकलेल्या विषयात वरच्या ग्रेडची सीमा दोन-तीन गुणांवर असेल, तर उत्तरपत्रिकेची फेरतपासणी मागण्यात अर्थ आहे. विद्यापीठातली जागा अडलेल्या मुलांसाठी जलद सेवा असते, तिची मुदत निकालानंतर साधारण आठवडाभराची, आणि उत्तर 15 दिवसांत येतं. अर्ज शाळाच करते, विद्यार्थी परस्पर करू शकत नाही, आणि त्यासाठी विद्यार्थ्याची लेखी संमती लागते. गुण वाढतात तसे कमीही होऊ शकतात आणि ग्रेड खालीसुद्धा जाऊ शकते, म्हणून सीमेपासूनचं अंतर पाहिल्याशिवाय सही करू नका. फेरतपासणी मागितली आहे हे विद्यापीठाला त्याच दिवशी कळवा आणि जागा थांबवून ठेवणार का, ते लेखी विचारा. अटी पूर्ण करण्याची यूकासची शेवटची तारीख 31 ऑगस्ट. त्यानंतर ग्रेड वाढली तरी त्या वर्षी जागा नसेल तर पुढच्या वर्षी या असं सांगितलं जाऊ शकतं. ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी इंग्लंडमध्ये बँक हॉलिडे असतो, तो एक दिवस हिशेबातून वजा धरा.

वेगळा अभ्यासक्रम देऊ केला तर

कधी कधी विद्यापीठ म्हणतं, अर्थशास्त्राला नाही, पण अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र एकत्र असलेल्या पदवीला घेतो. किंवा आधी एक वर्षाचा फाउंडेशनचा अभ्यासक्रम करा. भाचीला यातला पहिला पर्याय मिळाला, आणि तिनं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वेळ मागून घेतला, कारण पहिल्या वर्षात विषय बदलता येतो का हे तिला विभागाकडून विचारून घ्यायचं होतं. बदललेली ऑफर नाकारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. फाउंडेशन असेल तर एका वर्षाची फी वाढते, शिक्षणकर्जाची मुदतही बदलते; घाईत हो म्हणू नका.

इथे एक कळकळीची सूचना. यूकासच्या खात्यावर आपली जागा सोडण्याचं बटण असतं. ते एकदा दाबलं की मागे फिरता येत नाही. दुसरीकडे जागा मिळेल असं कुणी तोंडी सांगितलं म्हणून हातातली जागा सोडू नका. आधी त्या विद्यापीठाचं पक्कं उत्तर घ्या. फर्म आणि इन्शुरन्स दोन्ही गेले, किंवा आपण स्वतः जागा सोडली, की क्लिअरिंगमध्ये प्रवेश होतो. तिथे रिकाम्या जागांसाठी कितीही विद्यापीठांना फोन करता येतो, पण खात्यावर एका वेळी एकच पर्याय भरता येतो. क्लिअरिंगमधून मिळालेला प्रवेश कमी प्रतीचा असतो, ही समजूत मराठी घरांमध्ये फार घट्ट आहे. पदवीच्या प्रमाणपत्रावर तसं काहीही लिहिलेलं नसतं.

पुण्या-मुंबईहून जाणाऱ्यांसाठी

ज्यांनी केंब्रिज किंवा आयबी या आंतरराष्ट्रीय मंडळांच्या शाळेत बारावी केली, त्यांना वरचं बरंचसं लागू आहे. सीबीएसई किंवा महाराष्ट्र राज्य मंडळाच्या मुलांचं चित्र थोडं वेगळं. त्यांचा निकाल मे महिन्यात लागतो, म्हणजे ऑगस्टची वाट बघायचं कारण नाही. पण या मंडळांचे निकाल यूकासकडे आपोआप जात नाहीत. गुणपत्रिका तुम्हालाच विद्यापीठाच्या पोर्टलवर चढवावी लागते, आणि टक्के दोन-तीनांनी कमी असतील तर त्याच ईमेलमध्ये विचार करण्याची विनंती करायची. बऱ्याच विद्यापीठांमध्ये राज्य मंडळासाठी मागितलेले टक्के सीबीएसईपेक्षा जास्त असतात, आणि काही ठिकाणी उत्तम चार विषयांची सरासरी धरतात. तुमच्या विद्यापीठाच्या भारताच्या पानावर हा हिशेब नेमका वाचा. "कमी पडले" असं वाटलेले टक्के चार विषयांच्या सरासरीनं पुरे पडतात, असंही होतं.

राज्य मंडळाकडे गुणपडताळणी, उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन अशा सोयी आहेत. पुनर्मूल्यांकनासाठी आधी छायाप्रत घ्यावीच लागते. मुदत थोडी असते, आणि त्यात कॉलेजच्या कार्यालयाची सही लागली तर आणखी दिवस जातो. गणपतीच्या सुट्टीत कार्यालयं बंद असतात. 2025 मध्ये गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला, म्हणजे 31 ऑगस्टच्या चार दिवस आधी होती. कागद जुलैमध्येच गोळा करा: दहावी आणि बारावीच्या मूळ गुणपत्रिका, पासपोर्ट, इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल, अनामत रक्कम भरल्याची पावती.

आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेत अर्धा बँड कमी पडला तर सवलत मागण्यापेक्षा प्री-सेशनल इंग्रजी अभ्यासक्रम विचारा. पदवी सुरू होण्याआधी काही आठवड्यांचा तो अभ्यासक्रम असतो आणि जवळपास प्रत्येक मोठ्या विद्यापीठात चालतो. फी वेगळी पडते.

सवलत मिळाली की विद्यापीठाकडून कॅस, म्हणजे व्हिसासाठीचं प्रवेशपत्र येतं. त्यात तुमच्या खऱ्या ग्रेड लिहिलेल्या आहेत ना, हे अक्षर न् अक्षर तपासा. ऑफरमधल्या ग्रेड तशाच राहिल्या असतील आणि गुणपत्रिकेवर वेगळ्या दिसत असतील, तर व्हिसा अधिकारी प्रश्न विचारेल. शिवाय बँकेत लागणारी रक्कम सलग 28 दिवस खात्यात असावी लागते. उशिरा मिळालेल्या सवलतीत मुलं इथेच अडकतात, कारण पैसे ऑगस्टच्या अखेरीस खात्यात टाकले तर 28 दिवस सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत जातात आणि तोवर वर्ग सुरू झालेले असतात. पैसे जुलैतच ठेवा.

एमएस्सी, एमए करणाऱ्यांचा अर्ज बहुतेक वेळा यूकासमधून न जाता थेट विद्यापीठाकडे जातो. तिथे 60 टक्के मागितले आणि 58.5 आले, तर शेवटच्या दोन सत्रांचे गुण, प्रबंधाचा विषय आणि नोकरीचा अनुभव जोडून प्रवेश विभागाला लिहा. शेवटच्या वर्षी चढता आलेख असेल तर तो पहिल्याच वाक्यात सांगा. आणि नकार आलाच तर अनामत रक्कम परत मिळते का, तिच्यासाठी किती दिवसांत अर्ज करायचा, हे त्याच ईमेलमध्ये विचारून घ्या.