एक्स-शोरूम आणि ऑन-रोड यांच्या मधले पैसे

नवी गाडी बघायला गेलं की शोरूमवाला दोन आकडे सांगतो: एक्स-शोरूम आणि ऑन-रोड. नऊ लाखांची पेट्रोल गाडी महाराष्ट्रात खाजगी मालकाच्या नावावर घ्यायची तर ११ टक्क्यांनी ९९ हजार रुपये रोड टॅक्स होतो. त्यात इन्शुरन्स आणि पासिंगची फी धरली की दोन आकड्यांत लाख-दीड लाखाचा फरक सहज पडतो. बहुतेक जण हा फरक ‘सरकारी खर्च’ म्हणून निमूट भरतात आणि घासाघीस करतात ती फ्लोअर मॅट फुकट मिळवण्यासाठी. त्या फरकात खरं तर दोन वेगळे हिशोब आहेत. रस्त्याचे पैसे कोणी द्यायचे हा एक, आणि रस्त्यावर कोणाला इजा झाली तर तिचे पैसे कोणी द्यायचे हा दुसरा. दोन्ही प्रश्न मोटारी येऊ लागल्या तेव्हापासूनचे आहेत आणि पहिल्याचा निकाल अजून लागलेला नाही.

आधी रस्ता. मुंबई इलाख्यात रस्त्यांवर आणि पुलांवर टोल घ्यायला १८७५ च्या कायद्यानेच परवानगी दिली होती. तो बैलगाड्यांचा आणि टांग्यांचा काळ. नगरपालिकांचा गाड्या-घोड्यांवरचा कर, म्हणजे ‘व्हील टॅक्स’, वेगळा. मोटार आल्यावर ही व्यवस्था कोलमडू लागली. मोटार एका दिवसात तीन-चार गावांच्या हद्दी ओलांडणार, आणि प्रत्येक हद्दीवर थांबून चिल्लर मोजायची तर ती घ्यायची कशाला? शिवाय खडीचे रस्ते रबरी टायरांखाली उखडू लागले होते आणि जिल्हा लोकल बोर्डांकडे दुरुस्तीपुरतेही पैसे नव्हते.

१९२७ मध्ये भारत सरकारने रस्त्यांच्या प्रश्नावर एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर. पुण्यात हे नाव विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयामुळे सगळ्यांना ठाऊक आहे. ते पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. पेट्रोल पंपावर आपण जे देतो त्यातल्या रस्ते-उपकराची कल्पना याच गृहस्थांच्या समितीने पुढे रेटली, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. रस्ते बांधणं प्रांतांच्या आणि लोकल बोर्डांच्या कुवतीबाहेर गेलं आहे, तेव्हा पेट्रोलवर जादा कर लावून तो पैसा फक्त रस्त्यांसाठी बाजूला ठेवावा, असं समितीचं म्हणणं होतं. १९२९ मध्ये पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा घेऊन केंद्रीय रस्ते निधी सुरू झाला. जो जास्त गाडी चालवेल तो जास्त पेट्रोल जाळेल आणि तितका जास्त देईल. मला हा हिशोब आजही सगळ्यात सरळ वाटतो. नाका नको, शिपाई नको, पावती नको.

पेट्रोलवरचा कर केंद्राकडे गेला, तर प्रांतांना वाहनांवरचा कर हवा होता. मद्रास इलाख्याने १९३१ च्या कायद्याने मोटारींवर एकच प्रांतिक कर बसवला, टोल काढून टाकले आणि स्थानिक संस्थांना बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई देऊ केली. मुंबई इलाख्याचा मोटार वाहन कर कायदा १९३५ चा. ‘एकदा कर भरा आणि नाक्या-नाक्यावर थांबू नका’ हा या करामागचा सौदा होता.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेने वाहनांवरचा कर राज्यांच्या सूचीत टाकला आणि तो कोणत्या तत्त्वांवर घ्यायचा हा विषय केंद्र आणि राज्य दोघांच्या, म्हणजे समवर्ती सूचीत ठेवला. एका राज्यातली गाडी दुसऱ्या राज्यात नेताना जो मनस्ताप होतो, त्याचं मूळ या वाटणीत आहे. १९५६ च्या पुनर्रचनेत द्वैभाषिक मुंबई राज्य झालं. त्यात मराठवाडा हैदराबादेतून आला, विदर्भ मध्य प्रदेशातून, शिवाय सौराष्ट्र आणि कच्छ. प्रत्येकाचा कर वेगळा. ते सगळं एकत्र करण्यासाठी १९५८ चा मुंबई मोटार वाहन कर कायदा झाला. राज्य फुटलं तेव्हा तो महाराष्ट्राला आणि गुजरातला, दोघांनाही वारशात मिळाला. आपल्याकडे त्याच्या नावातलं ‘मुंबई’ जाऊन ‘महाराष्ट्र’ आलं, पण आज शोरूममध्ये भरतो तो रोड टॅक्स याच कायद्याखालचा.

या कायद्याचं कलम २० मुद्दाम वाचण्यासारखं आहे. हा कर लागू असताना इतर कोणी मोटारींवर वेगळा कर किंवा टोल घेऊ नये, हा त्याचा मूळ रोख. म्हणजे जुना सौदा शब्दांत पकडलेला. पुढे सरकारकडे पूल आणि बायपास बांधायला पैसा कमी पडू लागला. ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ पद्धत आली आणि याच कलमात दुरुस्ती करून नव्या रस्त्या-पुलांवर टोल घ्यायची वाट काढण्यात आली. महाराष्ट्रातल्या कित्येक टोलनाक्यांच्या अधिसूचना त्याच कलम २० च्या आधाराने निघाल्या. टोल नको म्हणून केलेल्या कायद्यातून टोल उगवला. यात बेकायदेशीर काही नाही. पण ‘रोड टॅक्स भरतो, मग टोल कशाला?’ हा नाक्यावरच्या भांडणातला प्रश्न अडाणीपणाचा नाही, हे यावरून कळतं. त्याला कायद्यातलाच आधार होता.

कोल्हापुरात हाच प्रश्न रस्त्यावर आला. शहरातलेच रस्ते खाजगी कंपनीकडून बांधून घेऊन शहराच्या तोंडाशी टोल लावला, तेव्हा एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारखी ज्येष्ठ मंडळी पुढे झाली आणि सगळे पक्ष त्यांच्या पाठीशी आले. २०१५ च्या अखेरीस तो टोल रद्द झाला. त्याच वर्षी १ जूनपासून राज्याने बारा नाके बंद केले आणि आणखी त्रेपन्न नाक्यांवर मोटारींना आणि एसटीला सूट दिली. मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर मात्र उड्डाणपुलांच्या खर्चापोटीचा टोल चालूच राहिला. हलक्या वाहनांसाठी तो थांबला १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्री, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर. अशा निर्णयांचं पंचांग आपल्याकडे ठरलेलं असतं.

न्यायालयातही ‘कर म्हणजे रस्त्याचा मोबदला’ ही कल्पना बराच काळ टिकली. राजस्थानातल्या वाहतूकदारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये म्हटलं की, वाहनकर हा रस्ते वापरण्याची भरपाई असेल तर त्याने व्यापाराच्या स्वातंत्र्याला अडथळा येत नाही. २०१६ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हा भरपाईचा सिद्धान्तच बाजूला ठेवला. कर हा कर आहे, त्या बदल्यात काही मिळालंच पाहिजे असं नाही. खड्ड्यात टायर फुटल्यावर ‘टॅक्स कशाला भरतो’ म्हणून चिडणाऱ्या माणसाला कायद्याच्या पुस्तकात आता फारसा आसरा उरलेला नाही.

पूर्वी हा कर हप्त्यांनी भरायचा आणि टोकन काचेवर लावायचं. नंतर खाजगी गाड्यांना एकरकमी कर आला आणि तोही गाडीच्या किमतीच्या टक्केवारीत. पेट्रोलला ११ ते १३, डिझेलला १३ ते १५, कंपनीच्या नावावर घेतली तर २०. टक्केवारी आली आणि रस्त्याशी उरलेला धागाही तुटला, कारण महागडी गाडी स्वस्त गाडीपेक्षा रस्ता जास्त झिजवत नाही. राज्याराज्यांत दर वेगळे म्हणून पळवाटाही निघाल्या. मुंबईत दमण, सिल्वासा किंवा पुद्दुचेरीच्या नंबराच्या आलिशान गाड्या का दिसतात, याचं उत्तर समुद्रकिनाऱ्यांच्या ओढीत शोधू नये. उलट पुण्याहून बेंगळुरूला बदली झालेला साधा नोकरदार बारा महिन्यांनंतर गाडी तिकडे नोंदवायची, एनओसी आणायची, तिथे कर भरायचा आणि इथला उरलेला परत मागायचा, या फेऱ्यात पिसला जातो. २०२१ मध्ये आलेली बीएच मालिका अशांसाठीच आहे. कर दोन-दोन वर्षांचा भरायचा आणि नंबर तोच ठेवायचा. मात्र ती सरकारी कर्मचाऱ्यांना, आणि चार किंवा जास्त राज्यांत कार्यालयं असलेल्या खाजगी कंपन्यांच्या नोकरांनाच मिळते. दुकानदाराने किंवा वकिलाने गाव बदललं तर जुनाच फेरा.

दुसरा हिशोब इजेचा. इथे एक गैरसमज घट्ट बसलेला आहे: इन्शुरन्स आपल्या गाडीसाठी असतो. कायद्याने सक्तीचा आहे तो आपल्या गाडीला एक रुपयाही देत नाही. तो आपल्या गाडीखाली येणाऱ्या अनोळखी माणसासाठी आहे, म्हणून त्याला ‘थर्ड पार्टी’ विमा म्हणतात.

ब्रिटनने १९३० मध्ये अशी सक्ती केली. कारण उघड होतं. धडक बसलेल्या माणसाने दावा जिंकला तरी ड्रायव्हरकडे द्यायला काही नसे आणि हुकूमनामा घरात नुसता पडून राही. भारतात १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात ही तरतूद आली, पण विम्याचं प्रकरण लगेच लागू केलं नाही. मध्ये महायुद्ध आलं आणि १ जुलै १९४६ पासून सक्ती प्रत्यक्षात आली. विमा कंपनीचा मालकाशी काहीही वाद असो, जखमीला आधी पैसे मिळावेत आणि कंपनीने नंतर ते मालकाकडून वसूल करावेत, हे तत्त्वही त्याच कायद्यातलं. १९५६ च्या दुरुस्तीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणांची सोय केली, म्हणजे दिवाणी कोर्टातल्या कोर्ट-फीतून आणि तारखांतून सुटका. १९८२ मध्ये चूक कोणाची हे न बघता मृत्यूसाठी १५ हजार देण्याची तरतूद आली. ट्रकखाली सापडलेल्यासाठी विमा कंपनीच्या देण्याला पूर्वी वरची मर्यादा होती. १ जुलै १९८९ पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने मृत्यू आणि शारीरिक इजेपुरती ती मर्यादा काढून टाकली.

पॉलिसीत बाकी सगळ्या रकमांना टोपी आहे. गाडीच्या किमतीला आयडीव्हीची, म्हणजे विम्यासाठी धरलेल्या किमतीची, समोरच्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला साडेसात लाखांची. माणसाच्या जिवाची भरपाई मात्र अमर्याद. आणि त्यासाठी हजार सीसीपर्यंतच्या मोटारीला वर्षाला २,०९४ रुपये, दीड हजार सीसीपर्यंत ३,४१६, हा जून २०२२ चा दर. हा दर कंपनी ठरवत नाही. विम्याचे दर २००७ मध्ये खुले झाले तेव्हाही थर्ड पार्टीचा दर सरकारी यंत्रणेच्याच हातात ठेवला गेला. त्याआधी तर सगळंच ठरलेलं असे. १९७३ पासून शंभराहून अधिक कंपन्यांच्या चार सरकारी कंपन्या झाल्या होत्या, कोणाकडेही जा, पॉलिसी तीच आणि टॅरिफ तेच. आज फोन करकरून जो ‘स्वस्त इन्शुरन्स’ विकला जातो, त्यात स्वस्त-महाग होतो तो फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग.

तो भाग किती अपुरा होता हे मुंबईला २६ जुलै २००५ ला समजलं. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि गाड्या छपरापर्यंत बुडाल्या. पाणी ओसरल्यावर लोकांनी सवयीने किल्ली फिरवली. इंजिनात पाणी ओढलं गेलं आणि कनेक्टिंग रॉड वाकले. पुराचं नुकसान पॉलिसीत होतं, पण बुडालेली गाडी चालू केल्याने झालेलं नुकसान हा ‘परिणामी तोटा’, तो देय नाही, असं कंपन्या म्हणाल्या. मालकाला हा भेद दाव्याच्या वेळी पहिल्यांदा कळे. २००९ च्या सुमारास विमा नियामकाने जादा संरक्षण विकायला परवानगी दिल्यावर ‘इंजिन प्रोटेक्ट’ आणि घसारा न कापणारं ‘झिरो डेप’ बाजारात आलं. सखल भागात राहणाऱ्याने पहिलं घ्यावं. पाच वर्षांवरच्या गाडीला दुसरं बहुधा मिळत नाही किंवा परवडत नाही.

गाडी शोरूममधून बाहेर पडल्यावर दुसऱ्या वर्षी विमा भरायचा विसर पडणं, विशेषतः दुचाकीवाल्यांना, ही जुनीच सवय. म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा आणि दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. त्याचाही एक उपद्रव झाला. थर्ड पार्टी तीन वर्षांची आणि स्वतःच्या नुकसानीचा भाग एकाच वर्षाचा, अशी पॉलिसी लोकांना ‘तीन वर्षं इन्शुरन्स आहे’ एवढीच लक्षात राहते. दुसऱ्या वर्षी गाडी ठोकली की मग फाइल उघडून बघतात. जुनी गाडी विकत घेणाऱ्यांचंही तसंच होतं. मालक बदलला तरी थर्ड पार्टी आपोआप नव्या मालकामागे जाते, स्वतःच्या नुकसानीचा भाग जात नाही. तो चौदा दिवसांत अर्ज करून नावावर करून घ्यायचा असतो. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दलची सवलत, मात्र गाडीबरोबर येत नाही, तो त्याचा त्याच्याकडेच राहतो.

पंधरा वर्षांनंतर पुन्हा पासिंग आणि पर्यावरण कर, वारंवार मुदतवाढ मिळालेली एचएसआरपी नंबरप्लेट, पीयूसी, हे सगळं अलीकडचं आणि त्यामागे फार मोठा इतिहास नाही.

इतिहास घडतो आहे तो विजेच्या गाड्यांपाशी. त्या पेट्रोल घेत नाहीत, म्हणजे जयकर समितीच्या कल्पनेतून आलेला उपकर देत नाहीत. महाराष्ट्रात त्यांना रोड टॅक्स माफ आहे. तीस लाखांवरच्या गाड्यांना सहा टक्के लावायचं २०२५ च्या अर्थसंकल्पात आलं आणि त्याच महिन्यात मागे घेतलं गेलं. अटल सेतूवर त्यांना ऑगस्ट २०२५ पासून टोलही नाही. म्हणजे रस्त्यासाठी पैसा येण्याच्या तीन वाटांपैकी उपकर आणि रोड टॅक्स या दोन त्यांच्यापुरत्या बंद, टोलची तिसरीही काही ठिकाणी बंद, आणि त्या जसजशा वाढतील तसा हा पैसा दुसऱ्या कोणाकडून तरी घ्यावा लागेल. थर्ड पार्टी मात्र त्यांनाही चुकलेली नाही. तीस किलोवॉटपर्यंतच्या विजेच्या मोटारीला १,७८० रुपये, पेट्रोलवाल्या छोट्या गाडीपेक्षा पंधरा टक्के कमी.