विषाणूची पेशीतून पेशीत वाट : पार्श्वभूमी

वनस्पतीच्या पेशीभिंतीतून आरपार जाणारे धागे 1879 मध्येच सूक्ष्मदर्शकाखाली दिसले होते. 1901 मध्ये त्यांना प्लाझ्मोडेस्माटा हे नावही मिळाले. विषाणू याच वाटेने पसरत असणार हा तर्क जुनाच. त्यासाठी विषाणू स्वतः काही करतो याचा पुरावा मात्र बराच काळ नव्हता.

तो मिळाला एका अधू प्रकारामुळे. टोबॅको मोझॅक विषाणूचा एलएस1 हा प्रकार 22 अंशांना पानात नेहमीसारखा पसरतो. 32 अंशांना पेशीत त्याच्या प्रती तयार होतात, पण शेजारच्या पेशीत तो जात नाही. (नागपूरच्या मे महिन्यात हा प्रयोग वातानुकूलित खोलीबाहेर जमला नसता.) 1978 ते 1983 या काळात दोष 30 किलोडाल्टनच्या (किलोडाल्टन हे रेणूच्या वजनाचे माप) एका प्रथिनापर्यंत आणि त्यातल्या एका अमिनो आम्लापर्यंत येऊन ठेपला : प्रोलिनच्या जागी सेरिन. 1987 मध्ये निर्दोष प्रथिनाचे जनुक तंबाखूत घातले, तेव्हा त्या झाडांत एलएस1 तापमान चढे असतानाही पसरू लागला. विषाणूला शेजारच्या पेशीत नेणारे प्रथिन, म्हणजे मूव्हमेंट प्रोटीन, असते की नाही, हा वाद तिथे मिटला.

पुढचा वाद आकड्याचा : प्लाझ्मोडेस्माटाच्या दारातून केवढा रेणू जाऊ शकतो? 1989 मध्ये चमकणारे डेक्स्ट्रान (साखरेच्या साखळीचे रेणू) सुईने पेशीत टोचून पाहिले. साध्या पानात सुमारे 1 किलोडाल्टनपेक्षा मोठा रेणू पुढे सरकेना. 30 किलोडाल्टनचे प्रथिन बनवणाऱ्या झाडात 9.4 किलोडाल्टनचाही गेला. ‘प्रथिन दार रुंद करते’ हे वाक्य पाठ्यपुस्तकात बसले ते तेव्हापासून. पण या विषाणूचा आरएनए सुमारे 6,400 न्यूक्लिओटाइडांचा, म्हणजे 2,000 किलोडाल्टनच्या वर. दहा किलोडाल्टनच्या दारातून तो जाणार कसा? उत्तर असे दिले गेले की प्रथिन आरएनएला चिकटून त्याचा जेमतेम 2 नॅनोमीटरचा धागा करते. तो धागा परीक्षानळीत दिसला होता, पानात नाही. शिवाय सुई टोचली की पेशीतला दाब बदलतो आणि दारे मिटतात, त्यामुळे मोजमापच कमी येण्याची शक्यता. 1999 मध्ये तर दिसले की तंबाखूच्या कोवळ्या, अन्न ओढून घेणाऱ्या पानात 50 किलोडाल्टनच्या आसपासची प्रथिने कोणत्याही मूव्हमेंट प्रोटीनशिवाय आरपार जातात. संसर्ग झालेल्या जून पानातही दारे सगळीकडे उघडी नसतात, फक्त संसर्गाच्या पुढच्या कडेला असतात. तेव्हा 1 किलोडाल्टन ही मर्यादा त्या वयाच्या पानाची आणि त्या पद्धतीची समजावी. ती वनस्पतीचा नियम म्हणून शिकवणे थांबायला हवे.

चवळीच्या मोझॅक विषाणूने दाराचा प्रश्नच मोडीत काढला. त्याचे प्रथिन दारात नळी बांधते आणि 28 नॅनोमीटरचे अख्खे कण तिच्यातून जातात. बटाट्याच्या एक्स विषाणूला यासाठी तीन प्रथिने आणि जोडीला आवरण-प्रथिन (कणाचे कवच बनवणारे) लागते.

संत्र्याचा ट्रिस्टेझा विषाणू आणखी वेगळा : लांबी सुमारे 2,000 नॅनोमीटर, जाडी 11, मुक्काम फक्त अन्नवाहिनीत. त्याच्या कुळातल्या बीटवरील विषाणूला सरकायला पाच प्रथिने लागतात, त्यांतली काही कणाचाच भाग असतात. ट्रिस्टेझा चाळणीनलिकेतून (अन्नवाहिनीतली अन्न वाहणारी नळी) दूर जातो, पण शेजारच्या पेशीत फारसा शिरत नाही. सावर ऑरेंज या आंबट संत्र्यामध्ये तर बहुधा एकेकटी पेशीच बाधित सापडते.

म्हणूनच तपासणीत एका झाडाचा एक नमुना पॉझिटिव्ह आणि दुसरा निगेटिव्ह येतो. पानाचे पाते नको. देठ, मधली शीर किंवा कोवळ्या फांदीची साल घ्यावी, तीही झाडाच्या चारही बाजूंनी. कडक उन्हात विषाणूचे प्रमाण घटते, त्यामुळे एप्रिल ते जूनमधल्या निगेटिव्हवर विसंबू नये. जंबेरी आणि रंगपूर लाइम खुंट हा रोग सोसतात, झाड धडधाकट दिसते आणि नर्सरीत नव्या कलमांसाठी त्याचेच डोळे भरले जातात.

विषाणूमुक्त रोप मिळवण्याचे शेंडा-कलम विषाणूच्या याच अन्नवाहिनीपुरत्या मर्यादेचा फायदा घेते. 0.1 ते 0.2 मिलिमीटरच्या, दोन-तीन पर्णांकुर असलेल्या शेंड्यात चाळणीनलिका अजून तयार झालेल्या नसतात. अंधारात वाढवलेल्या सुमारे दोन आठवड्यांच्या रोपाचा वरचा भाग छाटून, दीड सेंटिमीटरच्या खोडावर तो बसवतात. तुकडा मोठा घेतला तर कलम सहज लागते, पण विषाणूही सोबत येऊ शकतो. त्यामुळे लागलेले प्रत्येक रोप मातृवृक्ष (डोळे घेण्याचे मूळ झाड) ठरवण्याआधी पुन्हा तपासावे लागते.