मांजर आणि लोकरीचा गुंडा
लोकरीचा गुंडा म्हणजे मांजराचं हक्काचं खेळणं, असं चित्रं बघून आपण मानत आलो. हे खरं नाही. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाकडे वळलेले असतात. तोंडात गेलेला धागा त्याला सहज थुंकता येत नाही, तो बहुतेकदा गिळलाच जातो. एक टोक जिभेखाली अडकलं, की नाडी ओढलेल्या नेफ्यासारखं आतडं गोळा होतं, कधी चिरतंही. तोंडातून किंवा शेपटीखालून धागा लोंबत असेल तर कृपा करून ओढू नका; लगेच पशुवैद्याकडे न्या.

क्रोशाचा उंदीर मात्र जरूर विणा. मुके खांब (क्रोशाचे आखूड, दाट टाके) इतके घट्ट घाला की आतला कापूस दिसू नये. डोळे मण्यांचे नकोत, काळ्या धाग्याने भरा. शेपूट आखूडच ठेवा. टाका उसवला की उंदीर काढून घ्या.